टमी टकनंतर दुखतंय म्हणजे नक्की कसं दुखतंय? ओढ, कळ, ठणका, चमक आणि बाकीचं सगळं

माझं टमी टक झालं, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून स्नायू शिवायचं ऑपरेशन, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली आणि विचारलं, ताई दुखतंय का. मी म्हटलं हो. तर म्हणे कसं, ठणकतंय का ओढतंय? खरं सांगते तेव्हा मला रागच आला, अगं बाई दुखतंय म्हणजे दुखतंय, इंजेक्शन दे आणि जा. पण ती काही हटेना, बोट ठेवून दाखवा म्हणाली, मग मी जरा लक्ष देऊन बघितलं तर कळलं की एका जागी दुखतच नाहीये, चार जागी दुखतंय आणि चारही वेगळं. मधोमध कोणीतरी दोरी आवळल्यासारखी ओढ, खाली टाक्यांवर आग, आत साठणारं पाणी काढायला लावलेली नळी बाहेर येते तिथे टोचणी आणि पाठ अवघडलेली ती निराळीच.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा, ठणका, कळ, चमक, ओढ, आग, चुरचुर, टोचणी, मुंग्या, गोळा. घरात हे सगळे वापरतो आणि डॉक्टरसमोर बसलो की फक्त "खूप दुखतंय". टमी टकनंतर हे शब्द फार कामाचे आहेत, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. ओढीला गोळीपेक्षा उशी जास्त उपयोगी पडते, कळेला उशी काही करू शकत नाही, आणि ठणका नव्याने सुरू झाला तर घरचा कुठलाच उपाय करत बसायचं नाही, फोन करायचा. मी डॉक्टर नाही, माझ्या सर्जननी, भुलीच्या मॅडमनी आणि फिजिओने समजावलेलं आणि नंतर स्वतः वाचलेलं असं मिळून लिहितेय, त्यामुळे तुमच्या डिस्चार्ज कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल तर ते खरं.

आधी आत नक्की काय करतात ते बघू, म्हणजे दुखणं कुठून येतं ते कळेल. बऱ्याच जणींना वाटतं टमी टक म्हणजे चरबी काढणं, पण ते लायपोसक्शन. टमी टकमध्ये एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत, सिझरचा व्रण असतो साधारण त्याच पातळीला, लांब छेद घेतात. तिथून कातडी आणि खालची चरबी स्नायूंवरून सोडवत थेट बरगड्यांपर्यंत वर नेतात. मग पोटाचे मधले जे दोन उभे स्नायू असतात, जे गरोदरपणात बाजूला सरकतात आणि कित्येकींचे परत जवळ येतच नाहीत, ते छातीच्या हाडाखालून अगदी खालपर्यंत मध्यावर शिवून जवळ आणतात. बेंबी देठासकट जागेवरच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीला नवीन भोक पाडतात. शेवटी कातडी खाली ओढून जास्तीची कापून टाकतात आणि टाके. म्हणजे साडी वर खोचतो तसं नाही, कापड खाली ओढून उरलेलं कात्रीने कापायचं. नुसतं मिनी टमी टक असेल आणि स्नायू शिवलेले नसतील तर दुखणं बरंच कमी असतं, म्हणून एखादी मैत्रीण म्हणाली मी चौथ्या दिवशी ऑफिसला गेले तर आधी विचारा तुझे स्नायू शिवले होते का.

कारण सगळ्यात मोठं दुखणं ते तिथलंच. ती ओढ. हा स्नायू काही प्लास्टर घालून गप्प ठेवता येत नाही, श्वास घेतला तरी हलतो, खोकलं, हसलं, कुशीवर वळलं, खुर्चीतून उठलं की प्रत्येक वेळी ती शिवण ताणली जाते. पहिले दोन तीन दिवस हे सगळ्यात वाईट असतं, आठवड्याभरात बरंच उतरतं. यावर पहिला उपाय म्हणजे कसं झोपायचं. पाठीला उंच टेका, साधारण ३० ते ४५ अंश, आणि गुडघ्याखाली लोड किंवा दोन जाड उशा, म्हणजे पोट दोन्हीकडून सैल पडतं. सपाट झोपलात तर स्नायूही ताणतात आणि खालचे टाकेही. आमच्याकडे रिक्लायनर नव्हता, हॉस्पिटलचा वर खाली होणारा बेड महिन्याच्या भाड्याने मिळतो तो आणला आणि पूर्ण खर्चात ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले असं माझं मत आहे. नसेल तर भिंतीला तक्क्या, त्यावर उशा रचून पण होतं, फक्त रात्री घसरतं.

उठताना कधीही सरळ पोटावर जोर देऊन उठायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, मग खांदे आणि कंबर एकदम, ओंडका वळतो तसं कुशीवर, मग पाय कॉटवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने ढकलून बसतं व्हायचं. हे ऑपरेशनच्या आधीच घरी दहा वेळा करून बघा, नंतर शिकायला गेलं की नवऱ्यावर ओरडण्यात वेळ जातो. आणि एक छोटी उशी कायम हाताशी ठेवा, शिंक किंवा खोकला येतोय वाटलं की दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरायची. लहान मूल घरात असेल तर ती उशी ढाल म्हणून पण लागते, माझा धाकटा तर थेट उडीच मारायचा.

आता औषधं. ऑपरेशनच्या वेळी बरेचदा भूलतज्ज्ञ एक ब्लॉक देतात. पोटाच्या भिंतीच्या नसा पाठीकडून पुढे येतात त्या कुशीपाशी स्नायूंच्या दोन थरांच्या मधून जातात, सोनोग्राफीवर बघत त्या फटीत बधिर करायचं औषध सोडतात, ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. याला टॅप ब्लॉक म्हणतात. साधारण १२ ते २४ तास काम करतो आणि त्या वेळात बाई एकदम मजेत असते, घरी फोन करून सांगते काही दुखत नाही गं, उगाच घाबरले होते. मग तो उतरतो, तोही बहुतेक रात्री, आणि जर तिने मला गोळीची गरज नाही म्हणून गोळी घेतलेली नसेल तर सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून ब्लॉक चालू असतानाच गोळ्या सुरू ठेवायच्या. तुम्हाला ब्लॉक दिलाय का आणि कधी उतरेल हे आधीच विचारून घ्या.

पुढचे तीन दिवस तरी गोळी दुखण्याप्रमाणे घ्यायची नाही, घड्याळाप्रमाणे घ्यायची. हे आपल्याकडे लोकांना पटत नाही. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, दुखत नसताना गोळी कशाला, सवय लागेल. पण दुखणं एकदा चढलं की ते उतरवायला जास्त औषध लागतं, आणि चढेपर्यंत तुम्ही श्वास वरवरचा घेता, खोकणं टाळता, चालत नाही, आणि मग छातीत कफ, पायात रक्ताची गाठ ही खरी संकटं येतात. सहन करण्यात शौर्य वगैरे काही नाही. त्यात हे ऑपरेशन म्हणजे "हौसेने केलंस ना, मग भोग" असं ऐकवणारे घरोघरी असतातच, त्यामुळे बायका तोंडच उघडत नाहीत. हौसेने केलं म्हणून नसा काही कमी दुखत नाहीत.

साधारण पद्धत अशी असते की पाया म्हणून पॅरासिटामॉल, त्याच्या जोडीला सूज कमी करणारं औषध, म्हणजे आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक यातलं एखादं, आणि अगदीच सहन होत नसेल तेव्हासाठी थोडे दिवस ट्रामाडॉल. ही वेगवेगळ्या रस्त्याने काम करतात म्हणून थोडी थोडी एकत्र दिली की एकेकाचा डोस कमी लागतो. सुजेचं औषध रिकाम्या पोटी नाही, आणि किडनीचा त्रास, अल्सर, दमा यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना माहीत आहे याची खात्री करा. रक्तस्राव होऊ नये म्हणून काही सर्जन ते एक दोन दिवस उशिरा सुरू करतात, तेव्हा घरात पडलेली गोळ्यांची पट्टी स्वतःहून उघडू नका.

इथे एक घोळ हमखास होतो, जरा थांबून वाचा. आपल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं. डोलो ६५० मध्ये ६५० मिलिग्रॅम हे नावातच आहे. पण झेरोडॉल-पी मध्ये पण ३२५ असतं, तो "पी" त्याचाच. कॉम्बिफ्लॅममध्ये ३२५. अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडॉलबरोबर परत ३२५. समजा कार्डावर झेरोडॉल-पी दोनदा आणि अल्ट्रासेट तीनदा लिहिलंय आणि तुम्ही दुखतंय म्हणून घरची डोलो तीनदा घेतली, तर दिवसाचे झाले ६५० अधिक ९७५ अधिक १९५०, म्हणजे ३५७५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाची वरची हद्द ४००० धरतात, आणि वजन ५० किलोच्या आत असेल किंवा लिव्हरचं काही दुखणं असेल तर डॉक्टर त्याहून बरीच कमी ठेवतात. त्यात सर्दीची गोळी पडली की संपलं. मी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, वेळ, गोळी आणि त्यात पॅरासिटामॉल किती, नवरा हसत होता पण रात्री ३ वाजता झोपेत त्यालाच तो बघून गोळी द्यावी लागायची.

ट्रामाडॉलबद्दल दोनच गोष्टी. काही काही जणांना त्याने मळमळ, चक्कर आणि गुंगी येते, म्हणून पहिल्यांदा घेतल्यावर एकट्याने बाथरूमला जाऊ नका. आणि डिप्रेशन किंवा अँग्झायटीची गोळी चालू असेल, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन असलं काही, किंवा कधी फिट आलेली असेल तर ते लाज न बाळगता सांगा, कारण ती औषधं ट्रामाडॉलबरोबर नीट जमत नाहीत. झोपेची गोळी आणि दारू तर नाहीच. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नका.

ट्रामाडॉलची खरी किंमत कळते तिसऱ्या चौथ्या दिवशी, जेव्हा कळ येते. ही ओढ नव्हे, ही लाटेसारखी येते जाते, पोट फुगतं, पोटाला बांधलेला पट्टा आणखी घट्ट वाटतो आणि बाईला वाटतं ऑपरेशनच बिघडलं. बहुतेक वेळा हा गॅस आणि साचलेला मळ असतो. भूल, ट्रामाडॉल, पडून राहणं, कमी पाणी आणि उलटीसाठी दिलेलं ऑन्डानसेट्रॉन, हे सगळं आतड्याला झोपवतं. आणि कुंथायचं तर शिवलेल्या स्नायूंवर जोर, म्हणजे ते पण नाही. म्हणून लॅक्टुलोजसारखं पोट साफ करणारं पातळ औषध पहिल्याच दिवसापासून विचारून सुरू करा, पोट अडल्यावर नाही. इसबगोल आपल्या घरात असतंच पण ते भरपूर पाण्याशिवाय उलट आत घट्ट होऊन बसतं, या दिवसांत मी तरी त्याच्या वाटेला गेले नाही. भिजवलेल्या मनुका, गरम पाणी, घरातल्या घरात फेऱ्या. आणि भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, उकिडवं बसणं जमणार नाही.

फेऱ्यांवरून आठवलं, चालायचं त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी. वाकून, अगदी काठी टेकत जाणाऱ्या आजीसारखं. ताठ उभं राहायचा हट्ट करू नका, कातडी ओढून शिवलेली आहे, रोज थोडं थोडं सरळ होत आठ दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत आपोआप येतं. पण या वाकण्याने पाठ इतकी दुखते की मला तर पाचव्या दिवशी पोट बरं, पाठ आवरा असं झालेलं. म्हाताऱ्या माणसांचा वॉकर भाड्याने आणला की वजन हातावर जातं. एका वेळी पाच मिनिटं पुरे पण दिवसातून सहा सात वेळा. पडून असताना पावलं वर खाली हलवत राहायची. हे सगळं पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, सौंदर्याच्या ऑपरेशनांमध्ये हा धोका टमी टकला जास्त धरतात आणि म्हणून काहींना रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनंही देतात.

पट्ट्याचं काय, तर आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधायची पद्धत असल्यामुळे घरच्या बायकांना वाटतं जितकं घट्ट तितकं चांगलं. तसं नाही. पट्टा आधार द्यायला असतो, पोट आवळायला नाही. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, बसल्यावर वळी पडत असेल तर उठून परत लावा आणि आत सुती बनियन घाला. श्वास अडकत असेल तर पट्टा फार घट्ट आहे. कातडीचा रक्तपुरवठा या ऑपरेशनमध्ये तसाही बराचसा कापला गेलेला असतो, त्याला आणखी दाबायचं कशाला. याच कारणासाठी सिगरेट, तंबाखू आणि मशेरी आधी आणि नंतर निदान चार चार आठवडे बंद ठेवायला सांगतात, निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांजवळची कातडी काळी पडून मरू शकते. मशेरीचं मुद्दाम लिहिलं कारण डॉक्टर विचारतात सिगरेट ओढता का, आणि बाई खरंच सांगते नाही.

नळीची टोचणी हे त्यातलं छोटं दुखणं. नळीच्या टोकाची पाणी जमायची डबी लोंबकळू दिली की टाक्याला हिसका बसतो, म्हणून ती पट्ट्याला पिनने अडकवायची. २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या आत पाणी यायला लागलं की काढतात, काढताना दुखण्यापेक्षा विचित्र जास्त वाटतं, दोन सेकंदांचं काम.

आणि शेक. आपल्या घरात दुखतंय म्हटलं की कोणीतरी गरम पाण्याची पिशवी घेऊन उभंच. पोटावर अजिबात नको, कितीही प्रेमाने आणली तरी. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते, तिथल्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे चटका बसतोय हे तुम्हाला कळतच नाही आणि थेट फोड दिसतात. टमी टकनंतर असे भाजल्याचे प्रकार डॉक्टरांना चांगले माहीत आहेत. बर्फाचंही तेच, सर्जनला विचारल्याशिवाय नाही. शेक द्यायचाच तर वरच्या पाठीला द्या, ती बिचारी खरंच दुखत असते.

आता ठणका. म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर ठसठसणारं दुखणं. उतरत चाललेलं दुखणं परत चढायला लागलं तर ते नेहमीचं नव्हे. पहिल्या एक दोन दिवसांत पोटाची एकच बाजू फुगून कडक झाली, झपाट्याने दुखायला लागली, नळीत अचानक लालभडक रक्त भरलं, तर आत रक्त साठतंय, सकाळपर्यंत थांबायचं नाही. चौथ्या पाचव्या दिवसानंतर ठणका, लाली, गरमपणा, घाण वास, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, तर जंतुसंसर्ग. लक्षात ठेवा, पॅरासिटामॉल चालू असताना ताप दबलेला असतो, म्हणून गोळीच्या आधी मोजा. एकाच पायाची पोटरी दुखली, सुजली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर सर्जनच्या फोनची वाट न बघता जवळच्या कॅज्युअल्टीत जायचं. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात पोट पाण्याच्या फुग्यासारखं डुचमळायला लागलं तर घाबरू नका पण दाखवा, आत पाणी साठलेलं असतं, ते सुईने काढतात आणि ती सुई बधिर जागेत असल्यामुळे बहुतेक वेळा कळतही नाही.

महिन्याभराने सगळं सरलं असं वाटतं तेव्हा चमक सुरू होते. मध्येच वीज गेल्यासारखी, क्षणभर, आणि गायब. मुंग्या, खाज, कपडा लागला तरी आग. नसा परत वाढतायत त्याचं हे लक्षण. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा याला फार उपयोग नसतो. जखम पूर्ण भरल्यावर मऊ सुती कपड्याने, मग टॉवेलने, दिवसातून थोडा वेळ हलकं चोळत राहिलं की त्या जागेला स्पर्शाची सवय होते. काहींना मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग किंवा बधिरपणा येतो, तिथली नस खुब्याच्या हाडाजवळून जाते ती दुखावलेली असते, बहुतेक वेळा हळूहळू सुधारते. पण एकाच ठरावीक ठिकाणी बोट लावलं की कळवळायला होतंय आणि तीन महिने झाले तरी तसंच आहे, तर तिथे नस टाक्यात अडकलेली असू शकते, सांगा, त्याला वेगळी औषधं आणि इंजेक्शनं असतात.

आणि सहा आठवडे चार पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली, पाच लिटरचा भरलेला कुकर आणि दोन वर्षांचं पोरगं, तिन्ही नाही. पोराला मी सोफ्यावर चढायला शिकवलं, तो शेजारी येऊन बसायचा.

माझी बेंबीखालची एक वीतभर जागा अजून बधिरच आहे. मागे एका लग्नात दिवसभर नऊवारी नव्हती, साधीच सहावारी होती, रात्री पेटीकोट सोडला तर नाडीचा लालभडक वळ, आणि मला दिवसभरात पत्ताच नाही. तेव्हापासून नाडी आरशासमोर उभी राहून बांधते, गाठीत बोट घालून बघते.